गुण्या न लावलेला रेस्ट

चाकूला धार लावणं वेगळं आणि चाकू घासणं वेगळं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर माझा धंदा ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे सायकल स्टँडवर लावून पॅडल मारत चाक फिरवणारा माणूस येतो. तो धार लावतो. मी त्याच्या आधीचं काम करतो. पोलादाची कोरी पट्टी घ्यायची आणि तिची जाड कड तासत तासत इतकी उतरवायची, की शेवटी तिथे बोटाला काही लागू नये. त्याला उतार काढणं म्हणतात. उतार सरळ असला तर धार कुणीही लावेल, दगडावर लावेल, पायरीवर लावेल, कपबशीच्या बुडाला घासूनसुद्धा लावेल. उतार चुकला तर मात्र जगातल्या कुठल्याही दगडाने तो चाकू सुधारत नाही.

या अंकाचे संपादक आमच्याच कॉलनीत राहतात. म्हणाले, "मिस्त्री, इतक्या वर्षांचे अनुभव लिहा. वाचणाऱ्यांना प्रेरणा मिळेल." मी म्हटलं, "प्रेरणा-बिरणा माझ्याकडे नाही. एका बाईचं वाटोळं केलं ते लिहू का?" ते हसले. त्यांना वाटलं मिस्त्री नेहमीसारखा तिरकस बोलतोय. लिहा लिहा म्हणाले. आता छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

सातपूरला एका कंपनीच्या टूलरूममध्ये मी बरीच वर्षं होतो. ती कंपनी बंद पडली. त्याचं रडगाणं इथे गात नाही, सातपुरात प्रत्येक दुसऱ्या घरात ते आहे. मी एक गाळा घेतला, त्यात एक बेल्ट ग्राइंडर बसवला आणि चाकू करायला लागलो. पोलाद आमच्याकडे आयतंच पडलेलं असतं. लोखंडाचे बार कापायच्या मोठ्या करवतीचं पातं तुटलं की कारखानेवाले भंगारात टाकतात. ते पोलाद असं कडक असतं की घासताना तापून निळं पडलं तरी त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरत नाही. नाशिकमध्ये पापलेट साफ करणाऱ्या बाईपासून केटरिंगवाल्यापर्यंत कितीतरी जणांच्या हातात असे करवतीचे चाकू आहेत.

बेल्ट ग्राइंडर म्हणजे दोन चाकांवर गरगर फिरणारा खरखरीत पट्टा. त्याच्या पाठीशी एक सपाट पोलादी पाटी असते, म्हणजे आपण पातं टेकवलं की पट्टा मागे दबत नाही. बस, एवढंच मशीन. बाकी सगळं माणसाकडे. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवायची, श्वास अर्धा सोडून धरून ठेवायचा, आणि हात अजिबात न हलवता कमरेतून डावीकडून उजवीकडे झुलायचं. कोन डोळ्यांनी दिसत नाही, कारण समोर ठिणग्या असतात. तो कानाला कळतो. पातं नीट टेकलं की आवाज भरीव येतो, एका कोपऱ्यावर गेलं की पट्टा कुरकुरतो. कुरकुर ऐकू आली की हात आपोआप सुधारतो, डोक्याला विचारायला जात नाही. मला हे यायचं. खोटं कशाला बोलू, फार छान यायचं. आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं चहाचा कप घेऊन बघायला उभी राहायची आणि मलाही ते आवडायचं.

ज्यांना असं हातावर जमत नाही ते रेस्ट लावतात. रेस्ट म्हणजे पट्ट्याच्या पुढ्यात बोल्टने आवळलेली एक लोखंडी फळी. पाहिजे तितकी तिरपी करायची, तिच्यावर पातं टेकवायचं आणि नुसतं पुढे ढकलायचं. कोन रेस्ट सांभाळतो. पलीकडच्या गाळ्यातला एक जण तसं करायचा. मी त्याच्या रेस्टला पांगुळगाडा म्हणायचो. "काय रे, आज पांगुळगाडा घेऊन कुठपर्यंत चाललास?" तो बिचारा हसून सोडून द्यायचा. माझी जीभ अशीच आहे. बायको म्हणते, तुमच्या चाकूंपेक्षा जिभेला उतार बरा आहे.

ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून रिटायर झालेले बागूल साहेब म्हणून एक गिऱ्हाईक होतं. आयुष्यभर इन्स्पेक्टर, म्हणजे दुसऱ्याच्या कामात चूक शोधायचा पगार घेतलेला माणूस. एकदा भाजीचा चाकू घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी कोन मोजायचं यंत्र आणि भिंग घेऊन परत आले. "मिस्त्री, मुठीजवळ आणि टोकाजवळ अर्ध्या अंशाचा फरक आहे."

"साहेब," मी म्हटलं, "वांगी कापायची आहेत. उडवायची नाहीत."

ते हसले नाहीत. म्हणाले, "हात किती दिवस पुरणार तुम्हाला? रेस्ट लावा. आणि लावाल तेव्हा गुण्या धरून लावा. हातावर काम करणाऱ्या माणसाने रेस्ट लावला की तो डोळ्यांनी लावतो. मी अशी माणसं पाहिली आहेत." गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, सुताराकडे असते तीच. मी मान डोलावली आणि ते गेल्यावर त्यांची नक्कल करून शेजारच्यांना हसवलं.

आता त्या बाईंबद्दल. त्यांना मी इथे मंजुळाबाई म्हणतो. हे त्यांचं खरं नाव नाही, पुढे त्यांच्या मुलीचं येईल तेही नाही, आणि का बदललं ते पुढे कळेल.

द्राक्षाची बाग कशी लागते ते बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. आधी जंगली जातीची मुळं लावतात, कारण ती चिवट असतात. मग पावसाळा सरत आला की त्या खुंटावर गोड जातीच्या काडीचं कलम करतात. खुंटाला उभी चीर द्यायची, काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करायचं, चिरीत बसवायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. पाचर सपाट असली तर लाकूड लाकडाला चिकटतं आणि पंधरा-वीस दिवसांत डोळा फुटतो. पाचरीला जरा पोट असलं, जरा खळगा असला, की आत हवा राहते आणि काडी वाळते. आणि हे त्या दिवशी दिसत नाही. माणसं दुसऱ्या गावाला निघून गेल्यावर दिसतं.

मंजुळाबाई पेठकडच्या. दर वर्षी भाताची लावणी उरकली की दहा-बारा जणांची टोळी घेऊन निफाडच्या बाजूला उतरायच्या. टोळीतले बाकीचे चिरा द्यायचे, बांधायचे. पाचर मात्र त्या एकट्या तासायच्या, अख्ख्या टोळीसाठी. बांधावर बसून, ओल्या फडक्यातून काडी काढायची, एक काप, उलटी करून दुसरा काप, झालं. पाचरीवर सुरीची रेघसुद्धा दिसायची नाही. बागाईतदार नंबर लावून त्यांची वाट बघायचे. बाईमाणसाने पाचर तासणं तसं कमीच. पण त्यांच्या हाताला तोड नव्हती, आणि त्यांना ते माहीत होतं. बोलण्यात अहो-जाहो नाही, मलाही सरळ अरे-तुरे. "दादा, तुझा चाकू नी माझा हात, मंग काडीची काय बिशाद हाय वाळायची," असं म्हणायच्या.

कलमाच्या चाकूची गंमत अशी की त्याला उतार एकाच बाजूने असतो. दुसरी बाजू आरशासारखी सपाट. ती सपाट बाजू काडीला टेकून सरकते म्हणून काप सरळ येतो. त्यांचे तीन चाकू होते, मीच केलेले. दर वर्षी हंगामाच्या आधी त्या ते घेऊन यायच्या, मी उतार नवा काढून द्यायचो, सपाट बाजू पट्ट्यावर हलकेच साफ करून द्यायचो. पंधराएक वर्षं हे असंच चाललं होतं.

मग माझा हात थरथरायला लागला.

पहिल्यांदा चहाच्या बशीने सांगितलं. मग सही बदलली. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे होतं काही जणांना, गोळ्या घ्या. गोळ्यांनी जेवणापुरता फरक पडला. पट्ट्यासमोर उभा राहिलो की मात्र भरीव आवाज यायचाच नाही. नुसती कुरकुर, कुरकुर. कान सांगायचा, हात ऐकायचा नाही. त्या दिवसांत मी गाळ्यात एकटा बसून किती वेळा रडलो, ते बायकोलाही माहीत नाही. आता वाचून कळेल तिला.

शेवटी रेस्ट बनवला. जाड पट्टी, दोन बोल्ट, एका संध्याकाळचं काम. आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्यावर फडकं टाकायला लागलो. हो, फडकं. लहान पोरगं चोरून खाल्लेला लाडू झाकतं तसं. पांगुळगाडा म्हणून ज्याची टर उडवली तो पलीकडेच होता ना!

उतार काढताना रेस्ट तिरपा ठेवायचा आणि सपाट बाजू साफ करताना तो पाटीशी बरोबर काटकोनात आणायचा. चाकूची पाठ त्याच्यावर उभी ठेवून सपाट बाजू पट्ट्याला लावायची. काटकोन चुकला तर धारेकडची कड आधी पट्ट्याला लागते आणि तिथली सपाटी जाते. गुण्या माझ्या खणात होता. हात पुढे केला असता तर मिळाला असता. पण मी जन्मभर डोळ्यांनी काम केलेला माणूस. एक डोळा मिटून बघितलं, म्हटलं काटकोन आहे, बोल्ट आवळले.

त्यात काय चुकलं ते मला आता नीट सांगता येतं. हातावर काम करताना डोळा नेहमीच थोडा चुकायचा. पण हात त्याला सांभाळून घ्यायचा, प्रत्येक झुलीला, मला कळतही नव्हतं. रेस्ट लावला म्हणजे मी हात काढून घेतला आणि चुकणारा डोळा तेवढा ठेवला. वर आणखी एक गोष्ट. हाताने चूक झाली तर ती एका पात्यात होते, दुसरं बरं निघतं. रेस्ट चुकला की त्या दिवशीची सगळी पाती सारखी चुकतात, एकाचा दोष दुसऱ्यात जसाच्या तसा.

मंजुळाबाई आल्या तेव्हा चाकू तयार होते. तिन्ही पात्यांनी मनगटावरचे केस उडत होते, मी स्वतः बघितलं होतं. त्या नेहमीप्रमाणे फडक्यात गुंडाळून दोन काड्या घेऊन आल्या होत्या. एक काप घेतला, दुसरा घेतला, आणि थांबल्या.

"दादा, चाकू वर चढतोय रे."

"म्हणजे?"

"काडीतून वर उचलतोय. बसत नाय."

माझं लक्ष रेस्टवरच्या फडक्याकडे गेलं. त्याचं एक टोक सरकलं होतं, रेस्टचा बोल्ट दिसत होता. बाईंना काही दिसलेलं नव्हतं, पण मला वाटलं यांना कळलं, आता या हाताकडे बघतील. एकदम तिडीक आली. म्हणालो, "चाकू तोच आहे, मशीन तेच आहे, मिस्त्री तोच आहे. तुमचा हात जड झालाय, मंजुळाताई. वय होतंय आता."

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. पालथा करून, उलटा करून. मग म्हणाल्या, "आसंल."

एवढंच. चाकू गुंडाळले आणि गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. तेव्हाचं ते वाटणं आठवलं की आजही माझी मला किळस येते.

दसरा होऊन गेल्यावर त्या परत आल्या. एकट्या. एरवी त्या वेळेला टोळी बागांत असते. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि तीन चाकू माझ्यापुढे ठेवले.

"ठेव तुझ्याकडं. माझा हात गेला, दादा."

निफाडकडच्या पहिल्याच बागेत निम्म्याहून जास्त काड्या वाळल्या होत्या. दुसऱ्या बागेतही तेच. बागाईतदार चांगला माणूस, शिवी दिली नाही. म्हणाला, बाई, तुमचा हात गेला, आता घरी बसा. पण ही बातमी एका बागेतून दुसऱ्या बागेत जायला किती वेळ लागतो? तिसऱ्या बागेवाल्याने फाटकातूनच परत पाठवलं. टोळीतली माणसं दुसऱ्या मुकादमाबरोबर गेली.

मी कसंबसं म्हणालो, "हवेचं पण असतं. पाऊस..."

"हवा नाय. मी तिन्ही चाकू बदलून पाहिलं. येक वर चढला, दुसरा घेतला. दुसराबी चढला, तिसरा घेतला. तिन्हींचं तसंच. येक चाकू खराब आसंल, दोन आसतील, तीन कसं आसतील? मंग हातच ना रे." आणि हसल्या. "तू तर तवाच सांगितलं व्हतंस. माझ्याच ध्यानात नाय आलं."

त्या गेल्या. मी चाकू उचलला, सपाट बाजूवर पोलादी पट्टी उभी धरली आणि दाराच्या उजेडाकडे केला. धारेपाशी उजेडाची एक बारीक रेघ दिसली. दुसरा चाकू घेतला. तीच रेघ. तिसरा घेतला. तीच रेघ, त्याच जागी, तेवढीच. मग खणातून गुण्या काढला आणि रेस्टला लावला. फटीतून पोस्टकार्ड सहज आत गेलं असतं. बाई अजून सातपूरच्या स्टॉपवरच उभ्या असणार होत्या. पळत गेलो असतो तर बस यायच्या आत गाठलं असतं.

मी गेलो नाही. फडकं घेतलं आणि मशीन पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं. मग दिवाळीनंतर जाऊ म्हटलं. मग म्हटलं, आता हंगाम गेलाच आहे, पुढच्या हंगामाच्या आधी जाऊ. कारणं काय, वाट्टेल तेवढी मिळतात. खरं कारण एकच होतं. त्यांना सांगायचं म्हणजे रेस्टचं सांगायचं, रेस्टचं सांगायचं म्हणजे हाताचं सांगायचं, आणि मग ते सगळ्या गाळ्यांना कळणार. माझ्या हाताची अब्रू राहावी म्हणून मी त्यांच्या हाताची जाऊ दिली. असं दोन वर्षं.

या दोन वर्षांत मी काम करत होतो. गुण्या लावून. प्रत्येक वेळी रेस्ट सैल केला की गुण्या, आवळला की परत गुण्या. एक दिवस बागूल साहेब आले, यंत्र लावलं, भिंगातून बघितलं, चाकू फिरवून पुन्हा बघितला. म्हणाले, "मिस्त्री, आता एका रेषेत आहे. हातावर करत होता त्यापेक्षा सरस." त्यांना कौतुक करायचं होतं हो! पण माझ्या जिव्हारी लागलं. म्हणजे ज्या हाताच्या मिजाशीपायी मी हे सगळं केलं, तो हात चांगला होता तेव्हाही एका फळीपेक्षा कमीच होता. मग मी सांभाळत काय होतो?

त्या दिवशी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला काय सांगताय? तिला सांगा."

पेठच्या एसटीने गेलो. पुढे फाट्यापासून चालत. मंजुळाबाई अंगणात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होत्या. मला बघून त्यांना फार आनंद झाला. खाट टाकली, पाणी दिलं, "वहिनी बरी हाय ना?" विचारलं. मी म्हटलं, आता बोललो नाही तर तसाच परत जाईन. म्हणून उभ्या उभ्याच सांगून टाकलं. हात थरथरतो ते, रेस्टचं, फडक्याचं, गुण्याचं, सगळं. तिन्ही चाकू मीच बिघडवले होते. तुमच्या हाताला काही झालेलं नव्हतं.

सूप त्यांच्या मांडीवरच राहिलं. मग विचारलं, "कवा कळलं तुला?"

मी हे विचारतील असं धरून चाललोच होतो. वाटेत एसटीत चार उत्तरं तयार केली होती. एकही तोंडातून आलं नाही.

"तुम्ही चाकू ठेवून गेलात, त्याच दिवशी. तुम्ही स्टॉपवर असाल तेव्हा."

त्यांनी मान हलवली. रागावतील, रडतील, सूप फेकून मारतील, काहीही करतील असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात बोलायला लागल्या, पण माझ्याशी नाही, सुपातल्या नागलीशी.

"सुमननं सांगितलं व्हतं. माझी पोर. तिनं चाकू बोटावर घासून पाहिला नी म्हनली, आय, चाकूच खराब हाय, हात नाय. मी तिच्या तोंडात मारली. साऱ्या टोळीसमोर. म्हनलं, मिस्त्रीचा चाकू कधी खराब नसतो, त्याला नाव ठेवू नको." सुपातला एक खडा वेचून टाकला. "तिला माझ्यामागं टोळी करायची व्हती. हात चांगला व्हता तिचा, माझ्यावानीच. मीच नको म्हनलं. म्हनलं, या घरातला हातच आता वाईट झाला, परत काड्या वाळल्या तर लोक तोंडात शेन घालतील. ती आता कांदे काढाया जाते रोजानं."

मी म्हणालो, "मी सांगतो तिला. मी तिच्या पायाशी बसून सांगतो. बागाईतदारांकडे जातो, एकेकाला भेटून..."

"नाय." पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिला काय बी सांगायचं नाय. मायचा हात गेला म्हनून तिनं मला माफ केलंय. कशीबशी बोलाया लागली हाय माझ्याशी. आता तिला कळलं, का चाकूच खराब व्हता, ती खरं बोलत व्हती नी मी तिला मारलं, मंग? तुझं काय, तू सांगून एसटीत बसशील. मला तिच्यासंगं ऱ्हायचंय."

मी ओझं उतरवायला गेलो होतो. ते उतरवायला जागाच नव्हती.

तेवढ्यात सुमन आली. डोक्यावर सरपणाची मोळी. पंचविशीतली असेल, आईसारखीच काटक, नजर तशीच नेमकी. मोळी टाकली आणि मला ओळखून म्हणाली, "मिस्त्री काका ना? लहान असताना आले होते मी तुमच्या गाळ्यात." आत जाऊन कोरा चहा करून आणला. तिला शाळेचं वळण होतं, बोलणं स्वच्छ. माझ्या हातात कप देताना म्हणाली, "बरं झालं आलात. आईला तुम्ही सांगा काहीतरी. हातावर काही औषध असतं का? नाशिकला कुणी डॉक्टर? ती तुमचं ऐकते."

मंजुळाबाई सूप उचलून पुन्हा पाखडायला लागल्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी म्हणालो, "वय झालं की होतं असं, पोरी. औषध नसतं त्याला."

सुमन माझ्या कपाकडे बघत होती. चहा कडेवरून बशीत सांडत होता. म्हणाली, "तुमचा पण हलतोय, काका."

"हो," मी म्हणालो. त्या घरात तिच्याशी तेवढं एकच खरं बोललो.